कोंडवाड्यातली लाल गाडी

कोंडवाड्याला कुलूप लागलं तेव्हा आत दोन शेळ्या होत्या, एक गाढव होतं आणि माझी लाल स्पोर्ट्स कार होती.

कुलूप लावणारे सांडू आबा, गावाचे राखणदार. त्यांनी किल्ली करदोड्याला अडकवली, धोतर सारखं केलं आणि शेजारच्या दगडावर बसून तंबाखू मळायला घेतली. जणू आठवड्यातून एखादी स्पोर्ट्स कार ते कोंडतातच.

"आबा," मी म्हणाले, "उद्या सकाळी कमिटी येणार आहे."

"येऊ द्या की. मी न्हाई म्हन्लो का?"

"कमिटीला हे दिसलं तर काय वाटेल?"

"ते कमिटीला इचारा."

माझ्या बगलेत नकाशांची गुंडाळी होती, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती आणि डोळ्यांवर अजून गॉगल होता. गॉगल काढायचं सुचलं नाही. आज ते चित्र आठवलं की मला त्या बाईला दोन शब्द सुनावावेसे वाटतात.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. मोकाट जनावर भलतीकडे शिरलं की गाव ते पकडून जिथं डांबतं, तो कोंडवाडा. मालकानं यावं, दंड भरावा, जनावर घेऊन जावं. या गावच्या कोंडवाड्याला छातीएवढ्या दगडी भिंती होत्या, वर आभाळ, आणि बैलगाडी आत जाईल एवढं रुंद लाकडी फाटक. हे फाटक अरुंद असतं तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

साल दोन हजार नुकतंच उलटलं होतं. जालन्याच्या एका संस्थेत मी पाणलोटाची इंजिनिअर होते. पाणलोट म्हणजे डोंगरावर पडलेलं पाणी जेवढ्या जमिनीवरून वाहत एका ओढ्याला मिळतं, तेवढी सगळी जमीन. आमचं काम त्या पाण्याला अडवायचं. त्यासाठी उतारावर आडवे, एका पातळीत लांबच लांब चर खणायचे. याला समतल चर म्हणतात. धावत सुटलेल्या पाण्याला बसायला टाकलेला पाट म्हणा हवं तर. पाणी बसतं, जमिनीत मुरतं, खाली विहिरीला लागतं.

पण नुसते चर खणून भागत नाही. चरांच्या काठावर गवत आणि रोपं धरली तरच माती जागेवर राहते. म्हणून चराईबंदी. काम झालेल्या डोंगरात जनावर सोडायचं नाही. गवत विळ्यानं कापायचं आणि घरी आणून घालायचं.

गाव आमच्या जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. नाव लिहीत नाही, तिथल्या मंडळींना आवडणार नाही. विहिरी होळीच्या आतच तळ दाखवायच्या. मग टँकर, आणि टँकरभोवती घागरींची मारामारी. संस्थेची पद्धत अशी की आधी डोंगराच्या एका तुकड्यावर काम करायचं. गावानं तिथं श्रमदान करायचं आणि एक पावसाळा चराईबंदी पाळून दाखवायची. मग पाहणी करायला बाहेरून कमिटी यायची. तिला पटलं तर अख्ख्या डोंगराचं काम मंजूर. नाही पटलं तर कमिटी नमस्कार करून पुढच्या गावाला. त्या गावाचा नंबर पुन्हा कधी लागेल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

ती कमिटी दुसऱ्या दिवशी येणार होती.

आता गाडीचं सांगते. लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा लपवून काय झालं ते पुढं येतंच आहे.

नवीन जालन्यात एका व्यापाऱ्याच्या मुलानं ती हौसेनं आणली होती. दोन सीटची, वरून उघडी, फायबरच्या अंगाची, देशातच बनलेली. बुटकी एवढी की शेजारी रिक्षा थांबली तर रिक्षावाला माझ्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाशी गप्पा मारायचा. मुलाचं लग्न झालं, सासऱ्यानं चार दारांची गाडी दिली आणि ही बिचारी गोदामात पोत्यांशेजारी पडून राहिली. मी तिथं सरकी आणायला गेले होते. सरकी राहिली, गाडी घेऊन आले. वय चाळिशीच्या बरंच पुढं. मुलं कॉलेजात.

आमचे हे बियाण्याच्या कंपनीत होते. अबोल माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मुलं कुठं बसणार?"

"घरी," मी म्हणाले.

आणि हीच मी ऑफिसात लोकांच्या पिशव्या तपासायचे. कोणी कॅरीबॅगमधून कोथिंबीर आणली की माझं भाषण सुरू. पंखा चालू राहिला असेल या शंकेनं पुन्हा जिना चढायचे. शाळांमधून पर्यावरणावर बोलायचे, मुलांना शपथ द्यायचे. आणि रविवारी संध्याकाळी ती लाल गाडी काढून अंबडच्या रस्त्यानं उगाच एक फेरी. काम? काही नाही. वारा लागतो म्हणून.

संस्थेचे जिल्ह्याचे प्रमुख वायाळ साहेब. सरळ माणूस, पण प्रश्न विचारताना चष्मा पुसायची सवय. एकदा चष्मा पुसत म्हणाले, "बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. विचारा."

"तुम्ही धुराबद्दल एवढं बोलता. मग ही गाडी?"

माझी उत्तरं पाठच होती. गाडी जुनी घेतलेली आहे. मी नसती घेतली तर दुसऱ्या कोणी घेतली असती. ऑफिसची जीप माझ्या गाडीपेक्षा काळा धूर सोडते. आणि मी आजवर किती झाडं लावली आहेत! त्यांनी माझ्या गाडीचा धूर कधीच पिऊन टाकला असेल.

"झाडांना सांगितलंय का तसं?" साहेबांनी विचारलं.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

जीप एकच आणि ती बहुतेक वेळा साहेबांकडे. एसटी त्या बाजूला कधी यायची, कधी यायची नाही. म्हणून गावाला मी माझ्या गाडीनंच जायचे, पण गावात न्यायचे नाही. फाट्यावर एक चहाचं हॉटेल होतं, मागं पत्र्याचं शेड. तिथं गाडी घालायची, वरून ताडपत्री टाकायची आणि कापडी पिशवी खांद्याला लावून पायी गावात. चेहऱ्यावर थोडा दमल्याचा भाव. लोक म्हणायचे, "म्याडम, पायी आल्या?" मी म्हणायचे, "चालणं चांगलं असतं." अहाहा! काय ती साधी राहणी!

त्या दिवशी नकाशांच्या प्रती काढता काढता जालन्यातच उशीर झाला. जीप घेऊन साहेब संध्याकाळी परस्पर गावात पोहोचणार होते आणि मला त्यांच्या आधी डोंगरावरच्या पाट्या लावून घ्यायच्या होत्या. फाट्यावर थांबून पायी गेले असते तर तासभर मोडला असता. ओढ्याकडून फिरून जाणारा रस्ता चिखलाचा. तिसरी एक वाट होती. डोंगराच्या कडेनं जाणारी जुनी गाडीवाट, थेट पाट्यांच्या जागेपर्यंत. ती चराईबंदीच्या तुकड्यातून जायची म्हणून बंद केली होती. बंद मीच केली होती. नकाशावर तिच्यावर लाल फुली मारणारा हात माझाच.

पाच मिनिटांचं काम, कोण बघतंय, असं म्हणून मी गाडी आत घातली.

गवत काय माजलं होतं! पिवळं पडायला लागलेलं, गाडीच्या काचेएवढं उंच. मला कौतुक वाटलं, पाहा माझ्या बंदीचं फळ. त्या कौतुकात वाट कुठं संपली ते कळलं नाही. पुढची दोन्ही चाकं धाडकन खाली गेली. गाडीचं नाक जमिनीत, शेपूट वर. मी माझ्याच चरात पडले होते.

इंजिन बंद पडलं. मग गवतातून सांडू आबा उगवले.

"म्याडम?"

"आबा, जरा चाक अडकलं हो."

आबांनी चाक पाहिलं. चर पाहिला. मागं गाडीनं लोळवलेल्या गवताचा पट्टा पाहिला. "चर मोडला," ते म्हणाले.

"दुरुस्त करू. आधी गाडी काढा."

शेजारच्या शेतातून बैलजोडी आली, चार माणसं आली. दोर बांधला. मी स्टेअरिंगवर बसले. "हाऽऽ" झालं आणि गाडी वर आली. हलकीच होती. मी सगळ्यांचे आभार मानले. इंजिन काही चालू होईना, म्हणून बैलांनीच गाडी ओढत खाली आणली. उघड्या गाडीत, गॉगल लावून, बैलांच्या मागं. डोंगराखाली आल्यावर बैल डावीकडे वळले.

"आबा, फाटा उजवीकडे."

"कोंडवाडा डावीकडं हाय."

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलेसुद्धा. वळताना भिंतीला घासू नये म्हणून नीट स्टेअरिंग फिरवलं आणि माझ्या हातानं माझी गाडी फाटकातून आत नेली.

आत दोन शेळ्या होत्या त्या गयाबाईच्या. गयाबाई बुद्धविहाराच्या मागच्या आळीत राहायच्या. शेत नाही, रोजानं जायच्या. नवरा मागंच गेलेला. दोन शेळ्यांचं दूध आणि वर्षाकाठी होणारी पिल्लं, एवढाच त्यांना हक्काचा आधार. त्याच दिवशी सकाळी त्यांच्या शेळ्यांचं दावं तुटलं, शेळ्या बंदीत शिरल्या आणि आबांनी पकडून आणल्या. त्यावरून गयाबाई सकाळपासून फाटकाशी बसून आबांशी भांडत होत्या. गाढवाचा मालक बरेच दिवस फिरकलाच नव्हता.

माझी गाडी आत येताना पाहिली आणि गयाबाई भांडायच्या थांबल्या. उठून उभ्या राहिल्या. फाटकात उभं राहून त्यांनी गाडी अशी पाहिली जशी नवी सून पाहतात.

"ही का ती ताडपत्रीतली?" त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं. गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं नाव 'ताडपत्रीवाली म्याडम' असं पडलेलं होतं, आणि मी दमल्याचा चेहरा करून आले की पोरीबाळी तोंडाला पदर लावायच्या.

तेवढ्यात सरपंच लक्ष्मणराव धावत आले. "आबा, काय येडेपणा लावला हा? म्याडमची गाडी सोडा जल्दी. त्या आपल्यासाठी एवढं करून राह्यल्या!"

"सोडा ना," गयाबाई म्हणाल्या. "बराबर हाय. म्याडमची गाडी सोडा. मंग माह्या शेळ्या बी सोडा. आन् आज सांजच्याला आख्ख्या गावाची जनावरं डोंगरात सोडा. कमिटीला दाखवा उद्या, कसं मजेत चरून राह्यले ते."

आजूबाजूला पाच-पंचवीस माणसं जमली होती. शेतावरून परतायची वेळ, बऱ्याच जणांच्या हातात जनावरांची दावी. आणि मी पाहिलं, सगळे आबांच्या करदोड्याकडे बघत होते. अख्खा पावसाळा त्यांनी त्या गवताकडे पाहत जनावरं घरी बांधून ठेवली होती. फाटक उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डोंगरावर काडी उरली नसती, आणि त्यांना दोष देता आला नसता.

तरी मी एक प्रयत्न केलाच. इंजिनिअर ना! म्हणाले, "गयाबाई, गाडी गवत खात नाही."

जमाव हसला. गयाबाई हसल्या नाहीत. "खात न्हाई. पन लोळवलं किती ते म्या बघितलं. माह्या शेळ्यांनी शेंडे खाल्ले. शेंडा महिन्यानं परत येतो. तुमचा चर आपोआप परत येतो का?"

मी नकाशांची गुंडाळी या बगलेतून त्या बगलेत घेतली.

वायाळ साहेबांची जीप आली ती याच वेळी. साहेब उतरले, कोंडवाड्यात डोकावले, चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा डोकावले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ही काय भानगड? उद्या अध्यक्षांना काय सांगू? आमच्या इंजिनिअर कोंडवाड्यात आहेत?"

"मी नाही. गाडी."

"तेच ते. थांबा, मी सरपंचांशी बोलतो. दोन मिनिटांचं काम आहे."

खरं सांगते, मला तेच ऐकायचं होतं. सकाळपासून उपाशी, अंगभर चिखल आणि गावासमोर ही शोभा. 'बोला' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण समोर ती दावी धरलेली माणसं उभी होती. त्या पावसाळ्यात मी त्यांच्यासमोर उभी राहून किती वेळा सांगितलं असेल, की नियम कोणासाठी वाकवायचा नाही. सभेत कोणी तरी विचारलं होतं, गाढवाला बंदी लागू आहे का? मीच तोऱ्यात म्हणाले होते, बंदीत जे शिरेल ते कोंडवाड्यात. कोणाचंही असो, काहीही असो.

"राहू द्या, साहेब," मी म्हणाले. "आबा, दंड काय?"

"जनावरामागं एक दिस श्रमदान. ज्यानं जे मोडलं ते त्यानंच नीट करायचं. काम बघून मी सोडतो."

"गाडीला किती?"

इथं मात्र वाद झाला. एक जण म्हणाला, चार चाकं म्हणजे चार पाय, एक जनावर धरा. दुसरा म्हणाला, डोळे दोनच आहेत, बराबर आहे. शाळेतले मास्तर म्हणाले, "हॉर्सपॉवर मोजलं तर म्याडम रिटायर होईपर्यंत खणत राहतील." शेवटी एक जनावर ठरलं. सरपंचांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माणसं आपापली गुरं घेऊन घराकडे वळली, डोंगराकडे कोणी गेलं नाही.

जीपमधून जालन्याला परतताना साहेब भोकरदन नाक्याजवळ एवढंच म्हणाले, "फायबरला गाढव चावतं का हो?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी डोंगरावर. गयाबाई आधीच आल्या होत्या. त्यांचा दंड दोन शेळ्यांचा, माझा एका गाडीचा, जागा एकच. त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली, घमेलं स्वतःकडे ठेवलं. त्या जिल्ह्यात मी आखलेले चर टोकाला टोक लावून मांडले असते तर कुठल्या कुठं गेले असते. स्वतःच्या हातानं खणलेला हा पहिला. थोड्याच वेळात तळहाताला फोड आले.

"पदर गुंडाळ दांड्याला," गयाबाई म्हणाल्या. त्या माझ्याहून थोड्या मोठ्या. त्या सकाळी त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या आणि मला ते बरं वाटलं. "एक इचारू का, माय?"

"विचारा."

"ती गाडी कामाची हाय का हौशेची?"

कुदळ हातात असली की माणूस फार फिरवून बोलत नाही. "हौसेची," मी म्हणाले.

"मंग सांग ना तसं. ताडपत्री काहून टाकतीस?"

"तुम्हाला चराईबंदी सांगायची आणि स्वतः असली गाडी चालवायची... बरं दिसत नाही."

"न्हाईच दिसत," गयाबाई म्हणाल्या. "पन ताडपत्री टाकून धूर कमी होतो का?"

मी खणत राहिले. त्यांनी घमेलं काठावर ओतलं, माती पायानं दाबली.

"माह्या शेळ्या डोंगर खातेत, खरं हाय," त्या म्हणाल्या. "तू सभेत सांगितलं, मला पटलं. पन म्या काही शेळ्या इकल्या न्हाईत. बांधून ठेवल्या. डोक्यावर चारा आणते, पाला आणते, लै तरास होतो. सोडायच्या न्हाई म्हन्लं म्हंजे बिलकुल न्हाई. काल दावं तुटलं, ते माहं चुकलं. म्हणून आले भरून द्यायला. तू बी ठेव की गाडी. कोण न्हाई म्हन्तं? बांधून ठेव."

पर्यावरणावर मी बऱ्याच परिषदा ऐकल्या आहेत. चहा चांगला असायचा. पण माझ्या गाडीवर इतकं मुद्द्याचं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

कमिटी आली. हे पुढं जे सांगते ते साहेबांकडून ऐकलेलं. त्यांचा बेत असा की पाहुण्यांना दुसऱ्या वाटेनं शाळेत न्यायचं, पोहे द्यायचे आणि तोवर काही तरी सुचेल. कमिटीचे अध्यक्ष वयस्क, बारीक आवाजाचे, काठी टेकत चालणारे. जीपमधून उतरले आणि म्हणाले, "कोंडवाडा कुठं आहे?"

"साहेब, आधी नाश्ता..."

"आधी कोंडवाडा."

कोंडवाड्यात माझी गाडी होती. बॉनेटवर एक शेळी उभी होती, दुसरी ड्रायव्हरच्या सीटवर बसून रवंथ करत होती. गाढवानं शेजारच्या सीटचं कव्हर ओढून त्याचा फोम खाऊन पाहिला होता आणि आवडला नसावा, कारण अर्धा टाकला होता.

अध्यक्ष भिंतीला हात टेकून बराच वेळ पाहत राहिले. वायाळ साहेब म्हणतात, त्या वेळात त्यांचे तीन केस पांढरे झाले.

"हे वाहन कोणाचं?"

"आमच्या इंजिनिअर म्याडमचं," सांडू आबा म्हणाले. "बंदीत घुसली. वर चर नीट करून राह्यल्या."

अध्यक्ष काठी टेकत वर आले. मी कुदळ खाली ठेवली, उगाच केस सारखे केले आणि कपाळावर चिखल लावून घेतला.

"नियम कोणी केला?" त्यांनी विचारलं.

मी 'गावानं' म्हणणार, तोच गयाबाई म्हणाल्या, "म्याडमनी सांगितला, आम्ही केला, आन् म्याडमनीच मोडला."

"मग गाडी सोडायला सांगितलं असेल ना यांनी?"

"तर! फाट्याकडं चला म्हन्ल्या, कमिटी येणार म्हन्ल्या, गाडी गवत खात न्हाई म्हन्ल्या."

"मग?"

"मंग काय? न्हाई सोडली."

अध्यक्षांनी मान हलवली. त्यांनी गवत पाहिलं, चर पाहिले, मी खणलेली माती काठीनं टोचून पाहिली. माझ्या चराबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि ते ठीकच झालं.

मंजुरी तिथंच शाळेत, पोहे खाताना सांगितली. वायाळ साहेबांना राहवेना. त्यांनी विचारलं, "साहेब, कोंडवाडा बघून आपल्याला काही... वेगळं वाटलं नाही?"

"पुष्कळ गावं मला रिकामा कोंडवाडा दाखवतात," अध्यक्ष म्हणाले. "म्हणतात, बघा, आमच्याकडे कोणी नियम मोडतच नाही. रिकामा कोंडवाडा पाहिला की मला काळजी वाटते. इथं तर गाढवापासून इंजिनिअरपर्यंत सगळे होते."

संध्याकाळी आबांनी आमचं काम पाहिलं. गयाबाईंचं पास झालं. माझ्या बाजूची माती त्यांनी पुन्हा दाबायला लावली आणि मगच किल्ली काढली. शेळ्या सुटल्या, गाडी सुटली, गाढव राहिलं. मेकॅनिकला बोलावून गाडी सुरू केली तेव्हा गयाबाई म्हणाल्या, "एकदा बसव तर खरं. एवढं भांडून घेतलं तिच्यावरून." गाढवानं खाल्लेल्या सीटवर पोतं टाकून त्या बसल्या. फाट्यापर्यंत गेलो आणि आलो. येताना त्यांनी डोक्यावरचा पदर सोडून दिला आणि मोठ्यांदा हसल्या. उतरताना म्हणाल्या, "हौस वाईट न्हाई माय ही. पन रोज नको."

त्या गावाचा डोंगर पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळा चरांनी भरला. विहिरी होळी ओलांडायला लागल्या. टँकर यायचा, पण उशिरा यायचा, आणि त्या गावात उशीर म्हणजे फार मोठी गोष्ट होती. मी फक्त रेघा मारल्या होत्या. डोंगर राखला तो सांडू आबांनी, गयाबाईंनी आणि त्या संध्याकाळी दावी हातात धरून मुकाट घरी गेलेल्या माणसांनी. त्यांनी मला माझी लाज राखून दंड केला, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

माझी नात विचारते, "आजी, स्पोर्ट्स कार ठेवून पर्यावरणावर प्रेम करता येतं का?" तिला शाळेत निबंध असावा. मी सांगते, दोघांचं पटत नाही. त्यांचं भांडण मिटवायला मी फार हिशेब केले आणि सगळे माझ्या बाजूनं निघाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी गाडी विकली नाही. एवढी थोर मी तेव्हा नव्हते आणि आताही नाही. पण कामाला एसटीनं आणि जीपनं जायला लागले. अंबडच्या फेऱ्या महिन्यातून एकीवर आल्या, मग सणासुदीवर. ताडपत्री हॉटेलवाल्याला देऊन टाकली. पुढं गुडघे कुरकुरायला लागले, त्या बुटक्या गाडीतून उठताना दोन माणसं लागायला लागली, तेव्हा ती दुसऱ्या एका हौशी माणसाच्या हवाली केली. त्यालाही बायकोनं विचारलं म्हणे, मुलं कुठं बसणार.

नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी पुष्कळ गावांत चराईबंदी सांगायला गेले. नवे इंजिनिअर माझ्यासोबत असायचे, उताराची मापं घ्यायला उतावीळ. त्यांना मी आधी गावचा कोंडवाडा बघायला न्यायचे आणि फाटकाची रुंदी मोजायला लावायचे. ते विचारायचे, म्याडम, हे कशाला? मी सांगायचे, साहेबाची गाडी आत जाईल एवढं नसेल, तर आधी फाटक मोठं करून घ्या, मग नियम करा.